नंबर कुणाच्या नावावर?

प्रिय धाकट्या,

पाकिटामागे माझं नाव वाचून तू ते लगेच उघडलं नसशील, आणि उघडताना पहिला विचार बाबांच्या तब्येतीचा आला असेल. म्हणून आधी तेच सांगते. बाबा ठणठणीत आहेत. गुडघे कुरकुरतात, पण जीभ पूर्वीसारखीच चालते. वाईट बातमी नाहीये रे. उलट चांगली आहे, आणि ती ऐकवायला तुझ्याइतका लायक माणूस दुसरा कुणी नाही. आपला नंबर वाचला! दोनशे बारा लिफ्टमधल्या दोनशे बारा पितळी पाट्यांवर कोरलेला आपल्या ऑफिसचा नंबर आपल्याकडेच राहिला, आणि तो राखला कुणी, तर तुझ्या ताईनं. शाबासकी दे आणि पुढे वाच.

तुझा पत्ता मावशीकडून घेतला. फोन नंबर मात्र तिनं दिला नाही. तू बजावून ठेवलेलं दिसतंय. आपलं सगळं घर फोनच्या जिवावर जेवलं, आणि आज मला तुझ्याशी बोलायला तिकीट चिकटवावं लागतंय. असो. लिहायला बसल्यावर कळलं की हात अजून चालतो, फक्त अक्षर बिघडलंय. समजून घे.

झालं असं, की गेल्या महिन्याच्या पाच तारखेला जुन्या फोन कंपनीचा ई-मेल आला. तीच कंपनी, जिच्याकडे तू अकरा वर्षांपूर्वी आपला फोन तारेवरून इंटरनेटवर नेला होतास. तीस तारखेपासून आमची ही सेवा बंद होत आहे, ग्राहकांनी आपापले नंबर दुसऱ्या कंपनीकडे हलवावेत, जे हलणार नाहीत ते परत जमा होतील आणि पुढे कुणालाही दिले जातील, असं त्यात लिहिलं होतं. खाली, आपला दिवस प्रसन्न जावो. मी तो ई-मेल तीनदा वाचला. तुला आठवतंय ना, पाट्यांवर बाबांनी ऑफिसचं नाव कोरूच दिलं नव्हतं? अडकलेल्या माणसाला आपलं नाव नको असतं, नंबर हवा असतो, हे त्यांचं म्हणणं. शिवाय पाटीखालचं लाल बटण दाबलं की आतला डबा तोच नंबर फिरवतो. म्हणजे नंबर गेला तर दोनशे बारा लिफ्टचे डबे उघडून नवा नंबर भरायचा आणि पाट्या बदलायच्या. आपले मेकॅनिक दोन. दिवसाला कशाबशा सहा लिफ्ट. पस्तीस दिवसांचं काम, हातात पंचवीस. आणि तेवढ्यात कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं, तर त्यानं दाबलेलं बटण कुणा परक्याच्या घरी वाजणार.

मी मुकाट्यानं एक नवी कंपनी शोधली. तिथली फोनवरची मुलगी फार गोड. म्हणाली, काही नाही हो ताई, एक फॉर्म भरायचा, जुन्या कंपनीच्या नोंदीत नंबर ज्यांच्या नावावर आहे त्यांचं नाव आणि खाते क्रमांक लिहायचा, चार दिवसांत नंबर इकडे. खाते क्रमांक बिलावर होता. नावाशी येऊन माझं घोडं अडलं.

आता ती गोष्ट लिहायलाच हवी. तू गेलास त्या सकाळी बाबांना ऑफिसचा पत्ता बदलून हवा होता आणि कंपनी त्यांना म्हणाली होती, माफ करा, तुम्ही या नंबरचे मालक नाही. बाबांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं, नंबर कुणाच्या नावावर आहे? तू म्हणालास, योग्य माणसाच्या नावावर आहे. एवढंच. त्यावरून बाबांनी ठरवून टाकलं की पोरानं बाप जिवंत असताना धंद्याची चावी स्वतःच्या खिशात घातली. तोंडाला येईल ते बोलले. तू दुपारपर्यंत बॅग भरलीस. तेव्हापासून आपल्या घरात नंबराचा विषय निघाला की एकच वाक्य, तो त्या कार्ट्याच्या खिशात आहे. तू तो कधी बंद केला नाहीस, विकला नाहीस, बिल ऑफिसच्या खात्यातून आपोआप जात राहिलं, फोन वाजत राहिला, आणि तरी तू चोर. त्या सकाळी मी काय केलं ते तुला माहीत आहे आणि मलाही. त्याच्याकडे नंतर येते.

तर पहिला फॉर्म मी ऑफिसच्या नावानं भरला, कारण बिल त्याच नावानं येतं. तिसऱ्या दिवशी नकार. बिल कुणाला पाठवायचं आणि नंबर कुणाचा, या दोन वेगळ्या नोंदी असतात म्हणे. दुसरा बाबांच्या नावानं. नकार. दर नकाराखाली तेच, आपला दिवस प्रसन्न जावो. त्या ई-मेलवाल्याचं नाव आम्ही सदाप्रसन्न ठेवलं. एकेका नकारात तीन-तीन दिवस जात होते आणि आपला मेकॅनिक पेन्सिल रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक चौकोन काळा करत होता. पेन्सिल आहे रे अजून, तसाच काटकुळा, कानावर तशीच पेन्सिल, फक्त आता केस पांढरे. वायर जोडण्यात त्याचा हात धरणारा अजून कुणी नाही.

बाबा म्हणाले, लिही त्या कार्ट्याचं नाव, त्याशिवाय सुटका नाही. मी लिहिलं. तुला न विचारता तुझं नाव भरलं, हे कबूल करते. चौदा तारखेला उत्तर आलं. नाव जुळत नाही.

धाकट्या, तो ई-मेल मी ऑफिसात मोठ्यानं वाचला. पेन्सिलच्या हातात स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. बाबा म्हणाले, स्पेलिंग चुकलं असेल. मी पुन्हा तपासलं, कंपनीला फोन करून एकेक अक्षर सांगितलं. नंबर तुझ्या नावावर नव्हताच. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खिडकीकडे खुर्ची वळवून बसले.  मीही स्वतःला कामात गुंतवलं, पण मन काही जागेवर राहिना.

मग नव्या कंपनीतल्या मुलीनं सुचवलं म्हणून माझं नाव भरून पाहिलं. माझ्या सगळ्या कागदांवर आहे तसं, नवऱ्याच्या आडनावासकट. नकार. पेन्सिल म्हणाला, ताई, माझं टाकून बघा, नशीब फळफळलं तर दोनशे बारा लिफ्टचा मालक होईन. त्या दिवसांत आम्ही हसलो ते तेवढंच. कॅलेंडरवर सतरा तारखेपर्यंतचे चौकोन काळे झाले होते.

अठरा तारखेला मी साडी सोडून पँट-शर्ट चढवला, जाडजूड फाइल काखेत मारली आणि थेट जुन्या कंपनीच्या ऑफिसात गेले. पाचवा मजला. आणि गंमत बघ, त्या इमारतीची लिफ्ट आपल्याच देखभालीतली. आत शिरले तर समोर पाटी, आपल्याच नंबराची, पेन्सिलनं घासून चकचकीत केलेली. ती बघून माझ्यात दहा हत्तींचं बळ आलं. वर गेल्यावर कळलं की सदाप्रसन्न म्हणजे प्रत्यक्षात एक मध्यमवयीन साहेब आहेत आणि चेहरा कायम एरंडेल घेतल्यासारखा. म्हणाले, मालकाचं नाव सांगता येत नाही, गोपनीय असतं. मी म्हटलं, बरोबर आहे, नका सांगू, जरा माझ्यासोबत लिफ्टपर्यंत चला. त्यांना पाटीसमोर उभं केलं आणि सांगितलं, साहेब, एक तारखेनंतर तुम्ही इथे अडकलात आणि हे बटण दाबलंत, की फोन कदाचित एखाद्या केशकर्तनालयात वाजेल. ते विचारतील, नुसते केस कापायचेत की दाढीही? तुम्ही आत, आणि बाहेर आम्हाला पत्ताच नाही.

साहेब हसले नाहीत. पण परत टेबलाशी येऊन त्यांनी खातं उघडलं. म्हणाले, खातेदारानं एक खुणेचा प्रश्न ठेवलाय. उत्तर बरोबर आलं तर पुढचं बघता येईल. चुकायची मुभा एकदाच. आणि त्या सुतकी आवाजात त्यांनी वाचलं, ताई लिफ्टमध्ये किती वेळ अडकली होती?

 अरे, असा प्रश्न कुणी ठेवतं? तू सात वर्षांचा आणि मी अकराची. रविवारी बाबा त्या तीन मजली इमारतीत लिफ्टला तेल घालायला आपल्याला घेऊन गेले होते आणि मी शहाणपणा करून एकटीच आत शिरले, दार लावलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लटकले. तू पायरीवर बसून मला धीर देत होतास. मला गाणी म्हणायला लावलीस आणि स्वतः सगळी चुकीची म्हटलीस. नंतर मी शाळेत सांगितलं, एक तास अडकले होते. घरीही तेच सांगितलं. हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. तेव्हा साहेबांना मी छाती पुढे काढून सांगितलं, एक तास.

चूक, साहेब म्हणाले. आता एकच संधी.

 दोनशे बारा लिफ्ट माझ्या जिभेच्या टोकावर लटकत होत्या. मग मला तू दिसलास, बाबांचं मोठं घड्याळ मनगटावरून पार कोपरापर्यंत चढवलेला, आणि सगळ्यांना सांगणारा, नऊ मिनिटं, मी मोजली. कुणी तुझं ऐकलं नाही. आणि तू जास्त बोलू नयेस म्हणून मी तुला जेवताना टेबलाखाली चिमटा काढला होता. एवढ्या वर्षांनी, परक्या माणसासमोर, मला माझी ती फुशारकी गिळावी लागली. मी म्हटलं, नऊ मिनिटं. साहेबांनी एक कळ दाबली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

माझं नाव होतं. लग्नाआधीचं. पूर्ण, बाबांच्या आडनावासकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मालक म्हणून माझं नाव, आणि तारीख तू फोन इंटरनेटवर नेलास त्याच आठवड्यातली. तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती, गाढवा! त्या लग्नात तू तीनदा जेवला होतास, आणि तरी फॉर्म भरताना तुझ्या डोक्यात माझं आडनाव तेच राहिलं. तेवढ्या एका चुकीनं माझ्या नाकी नऊ आणले. मी हसायला लागले आणि हसता हसता हमसून हमसून रडले. साहेब बिचारे उठून पाणी घेऊन आले आणि म्हणाले, आपला दिवस... आणि तिथेच थांबले.

शाळेचा दाखला आणि लग्नाचा दाखला जोडून मीच ती, हे दोन दिवसांत सिद्ध केलं. फॉर्म मंजूर झाला. नंबर हलवायची वेळ ठरली, सव्वीस तारीख, सकाळी अकरा.

त्या नोंदीचा कागद मी बाबांसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. मग म्हणाले, त्यानं मला सांगितलं का नाही?  पेन्सिल तोंड उघडून मोकळा झाला. म्हणाला, साहेब, तुम्ही नीट विचारलं कुठे होतं, तुम्ही तर आरोप केला होता. आणि सांगितलं असतं तर तुम्ही तासाभरात ताईंकडून सही घेऊन नंबर स्वतःच्या नावावर केला असता की नाही? फोन वीस वर्षं कोण उचलतंय, ते फक्त त्यालाच दिसत होतं. पेन्सिल बाबांना असं बोलला, आणि बाबांनी ऐकून घेतलं! दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ऑफिसात आले आणि मला विचारतात कसे, मालकीणबाई, आज मला दुपारी डॉक्टरकडे जायचंय, सुट्टी मिळेल का? मी म्हटलं, अर्ज करा.

पण थांब, अजून संपलं नाही. सव्वीसला अकरा वाजता नंबर हलला आणि दुष्काळात तेरावा महिना. काही फोन यायचे आणि काहींना रेकॉर्डवरची बाई सांगायची, हा नंबर अस्तित्वात नाही. नव्या कंपनीतल्या मुलीनं शोधून काढलं की जुन्या कंपनीनं नंबर दिला तर खरा, पण स्वतःच्या यंत्रातून काढलाच नाही. त्यामुळे जे त्यांचे ग्राहक, त्यांचे फोन अजून त्यांच्याच दारात जाऊन मरत होते. नेमक्या चौतीस लिफ्टचे डबे त्यांच्याच, चालू राहणाऱ्या तारेच्या लाइनवर. पेन्सिलनं दोन दिवस त्या चौतीस इमारती पायाखाली घातल्या. तो आत जाऊन बटण दाबायचा, मी ऑफिसात कान लावून बसायची. एकही वाजला नाही. प्रत्येक लिफ्टमध्ये त्यानं आपल्या मोबाइलचा नंबर कागदावर लिहून चिकटवला, आणि त्या दोन दिवसांत त्याला अकरा जणांनी लिफ्टमध्ये आरसा कधी बसवणार, एवढंच विचारायला फोन केला.

अठ्ठावीसला मी पुन्हा पाचव्या मजल्यावर. या वेळी सदाप्रसन्नांनी मला बघताच खुर्ची दिली. मी त्यांना शांतपणे सगळं सांगितलं. त्यांनी कुणाला तरी फोन लावला, मग दुसऱ्या कुणाला, मग आवाज चढवला. त्यांना आवाज आहे हे त्यांच्या ऑफिसातल्यांनाही तेव्हाच कळलं असावं, सगळे माना वळवून बघत होते. अर्ध्या तासानं म्हणाले, काढला. चला, बघू या. आम्ही दोघं लिफ्टमध्ये शिरलो. त्यांनी स्वतः ते लाल बटण दाबलं. एक घंटी. दोन. तिसऱ्या घंटीला पाटीमागच्या जाळीतून बाबांचा खणखणीत आवाज आला, बोला, कुठे अडकलात? घाबरू नका, माणूस निघालाच आहे.

साहेब त्या जाळीला म्हणाले, नाही हो, अडकलो नाही, सुटलो! आणि मग ते खदखदून हसले. खाली उतरेपर्यंत आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो, तळमजल्यावर वाट बघणारी माणसं बाजूला सरकली. गंगेत घोडं न्हालं रे धाकट्या! संध्याकाळपर्यंत चौतीसच्या चौतीस लिफ्ट वाजल्या. दर वेळी फोन बाबांनीच उचलला, मला हात लावू दिला नाही. शेवटची वाजल्यावर पेन्सिलनं कॅलेंडरचं ते पान टरकावून हवेत उडवलं. तीस तारीख आली आणि गेली, आमच्या केसालाही धक्का लागला नाही.

आता जे नंतर सांगते म्हटलं होतं ते. त्या सकाळी बाबा तुला चोर म्हणाले तेव्हा तू माझ्याकडे बघितलं होतंस. मी मान खाली घालून समोरचं रजिस्टर ओढलं आणि लिहीत बसल्याचं नाटक केलं. मला खरं माहीत नव्हतं, पण तू माहीत होतास, आणि तेवढं पुरेसं असायला हवं होतं. तू ज्याच्यासाठी बोलणी खाल्लीस ते माझं होतं, आणि मी तुझ्या बाजूनं एक शब्द काढला नाही. अकरा वर्षं मी तुला मनात दोषी ठरवून सुखानं फोन उचलत राहिले, तुझ्याच दिलेल्या नंबरावर. माझं चुकलं. माफ कर म्हणायला मी हे पत्र लिहिलं, बाकीची सगळी फुशारकी तिथपर्यंत पोचायचं धाडस गोळा करायला होती. आणि एक काम आहे. नवी कंपनी म्हणते, पुन्हा असा घोळ नको, तर मालकाशिवाय आणखी एका माणसाचं नाव नंबरावर लावा. तो फॉर्म सोबत ठेवलाय. मी बाबांना विचारलं, कुणाचं लावू? त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तुझं नाव स्वतः लिहिलं, अगदी रेघेवर. खाली 'मालकाशी नातं' असा रकाना आहे. मालक मी, म्हणजे तिथे भाऊ हवं. बाबांनी लिहिलंय, माझा मुलगा. मी खोडलं नाही. कंपनीनं नाकारला तर नाकारू दे, नकारांची मला आता सवय आहे. शेवटी तुझ्या सहीची जागा रिकामी आहे. सही करून पोस्टानं पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझीच,
अकरा वर्षं चुकलेली
ताई